टेलिफोन कार्डाच्या चिपमध्ये पैसे कसे राहत होते

पैसा कुठे तयार होतो, हे नाशिककरांना वेगळे सांगावे लागत नाही. नाशिक रोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात नोटा छापल्या जातात, भारत प्रतिभूती मुद्रणालयात टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट तयार होतात, आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था व तिचे संग्रहालय आहे. नाणे असो की नोट, तिचा खरेपणा त्या वस्तूतच असतो. दुकानदार ती हातात घेऊन, उजेडासमोर धरून पारखतो आणि व्यवहार पुरा करतो, त्यासाठी त्याला कोणाला फोन करून विचारावे लागत नाही. या लेखात मला ज्या पैशाविषयी लिहायचे आहे, तो याच जातीचा होता. फक्त तो धातूवर किंवा कागदावर नव्हता, तर नखापेक्षा लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यात होता. सार्वजनिक फोनसाठी वापरली जाणारी चिपची प्रीपेड कार्डे, एवढाच आजचा विषय.

माझे एक मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. युरोपातल्या बंदरांवर उतरले की ते रस्त्यावरच्या फोनमधून घरी फोन करीत आणि संपलेली कार्डे न टाकता घेऊन येत. ती कार्डे आज माझ्याकडे आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी ती वर्गात फिरवतो. विद्यार्थी नेहमी एकच प्रश्न विचारतात: ‘सर, यातला बॅलन्स कुठल्या सर्व्हरवर असायचा?’ तो कुठल्याच सर्व्हरवर नव्हता, तो याच कार्डात होता, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मोबाइलच्या रिचार्जवर वाढलेल्या पिढीची ही शंका अगदी रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट, सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. रस्त्यावरचा फोन एका साध्या तांब्याच्या जोडतारेने एक्सचेंजशी जोडलेला असे. त्याच तारेवरून आवाज जाई आणि बहुतेक फोनना लागणारी थोडीशी वीजही त्याच तारेतून येई. प्रत्येक संभाषणाच्या वेळी फोनने दूरच्या मध्यवर्ती संगणकाला विचारावे, या कार्डात किती शिल्लक आहे, आणि मग संभाषण सुरू करावे, ही व्यवस्था १९८० च्या सुमारास खर्चिकही होती आणि संथही. त्यामुळे शिल्लक कार्डातच ठेवणे भाग होते. परंतु कार्ड तर ग्राहकाच्या खिशात राहणार. ते तो घरी नेणार, हवे तितके दिवस न्याहाळणार, त्याच्यावर हवे ते प्रयोग करणार. ज्याला शिल्लक वाढवण्यात सर्वांत जास्त स्वारस्य आहे, त्याच्याच हातात हिशेबाची वही द्यायची आणि तरीही ती वही खरी राहिली पाहिजे, असा हा प्रश्न होता. कार्डाची सगळी रचना या एका प्रश्नातून उलगडत जाते.

चिपच्या आधी दोन मार्ग वापरून झाले होते. इटलीत १९७६ मध्ये चुंबकीय पट्टीची कार्डे आली आणि जपानमध्ये १९८२ पासून पातळ चुंबकीय कार्डे घरोघरी पोहोचली. चुंबकीय पट्टी स्वस्त असते, पण तिच्यावर जे लिहिता येते ते पुसून पुन्हा लिहिताही येते, आणि हीच तिची उणीव ठरली; जपानमध्ये पुढे बनावट कार्डांचा सुळसुळाट झाला. दुसरा मार्ग स्वित्झर्लंडच्या लँडिस अँड गिअर या कंपनीचा. तिच्या कार्डावर प्रकाशीय संरचनांची एक सूक्ष्म पट्टी असे आणि फोन प्रत्येक युनिटमागे त्या पट्टीचा एक बारीकसा भाग उष्णतेने नष्ट करीत जाई. तो भाग परत तयार करणे ग्राहकाला शक्य नव्हते. ब्रिटनमध्ये १९८१ पासून ही कार्डे वापरली गेली. मला हा दुसरा मार्ग तत्त्वाने फार मोलाचा वाटतो, कारण चिपच्या कार्डाने पुढे नेमके हेच तत्त्व उचलले: खर्च झालेले युनिट परत आणता येऊ नये.

रोलाँ मोरेनो या फ्रेंच संशोधकाने १९७४ मध्ये मेमरी असलेल्या कार्डाचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या दूरसंचार खात्याने १९८३-८४ च्या सुमारास चिपची टेलिफोन कार्डे वापरात आणली. नाण्यांच्या फोनची पेटी फोडून पैसे पळवण्याचे प्रकार तिथे फार वाढले होते, आणि ज्या पेटीत नाणीच नाहीत ती कोणी फोडणार नाही, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

त्या पहिल्या पिढीच्या कार्डातली मेमरी ईप्रॉम जातीची, केवळ २५६ बिटांची होती. ईप्रॉमच्या प्रत्येक बिटामागे एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्या ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले एक द्वार असते. वाढीव व्होल्टेज दिले की इलेक्ट्रॉन त्या रोधक थरातून उडी मारून द्वारात जाऊन बसतात, आणि व्होल्टेज काढून घेतले तरी वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतात. कार्डात बॅटरी नसते, तरी हिशेब टिकतो तो या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे. त्यांना बाहेर काढण्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे चिपवर अतिनील किरण पाडणे. परंतु कार्डात चिप अपारदर्शक राळेखाली पुरलेली असल्याने किरण तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे बिट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊ शकतो, उलट येऊ शकत नाही. २५६ बिटांपैकी ९६ बिटांत कार्डाची ओळख लिहिलेली असे आणि तो भाग कारखान्यातून निघतानाच कायमचा कुलूपबंद केला जाई. उरलेल्या भागात एक बिट म्हणजे एक युनिट. फ्रान्समध्ये ५० आणि १२० युनिटांची कार्डे विकली जात. आपल्या एसटीच्या कंडक्टरचा तो टिकटिक वाजणारा चिमटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही पद्धत लगेच कळेल: तिकिटाला पडलेले भोक कोणी बुजवू शकत नाही, आणि तिकीट वापरले गेले आहे की नाही हे पाहण्यासाठी डेपोत जाऊन नोंदवही उघडावी लागत नाही.

आता कार्डाच्या बाह्य रूपाकडे वळू. कार्डाची लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर, आजच्या एटीएम कार्डाची मापे हीच आहेत. वर जो सोनेरी चौकोन दिसतो त्याला लोक चिप म्हणतात, पण खरी चिप त्याच्या मागच्या बाजूला असते आणि ती केवळ काही चौरस मिलिमीटरची असते. सोन्याच्या केसासारख्या बारीक तारांनी ती त्या चौकोनाच्या पट्ट्यांना जोडलेली असते. आयएसओ ७८१६ या मानकानुसार आठ संपर्कबिंदूंच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यांपैकी पहिल्यावर वीज, दुसऱ्यावर रिसेट, तिसऱ्यावर क्लॉक, पाचव्यावर ग्राउंड, सहाव्यावर लिहिण्यासाठी लागणारे वाढीव व्होल्टेज आणि सातव्यावर माहितीची ये-जा. चौथा आणि आठवा राखीव. सुरुवातीच्या फ्रेंच कार्डांत हा चौकोन कार्डाच्या वरच्या कोपऱ्याकडे असे, नंतर तो आजच्या जागी, थोडा खाली आला. मामांच्या संग्रहात दोन्ही प्रकारची कार्डे आहेत, त्यामुळे चौकोनाच्या जागेवरून जुने कार्ड चटकन ओळखता येते.

या चिपमध्ये प्रोसेसर नाही, हे लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. ती काही ‘चालवत’ नाही, तिच्यात प्रोग्रॅम नाही. फोन रिसेटचा संकेत देतो, तेव्हा चिपमधला पत्तादर्शक शून्यावर जातो. मग क्लॉकच्या प्रत्येक स्पंदाबरोबर तो एकेक घर पुढे सरकतो आणि त्या घरातला बिट सातव्या संपर्कबिंदूवर दिसू लागतो. इतकेच तिचे वाचन. एखाद्या घरात लिहायचे असेल, तर फोन त्या घरापर्यंत स्पंद मोजत जातो आणि ठरावीक क्रमाने संकेत देऊन तो बिट बदलतो. इतक्या थोडक्या सामग्रीत हे सगळे बसवलेले असल्यामुळेच ती चिप वापरून टाकून देता येईल इतकी स्वस्त झाली, आणि ज्यांनी ही काटकसर केली त्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

फोनच्या बाजूने पाहिले तर क्रम असा होता. कार्ड आत गेले की फोन त्याची ओळख आणि शिल्लक वाचून ती पडद्यावर दाखवी. काही फोनमध्ये कार्ड पूर्ण आत गेल्यावर त्याच्यामागे झडप बंद होई, म्हणजे कार्डाला बारीक तारा चिकटवून बाहेरून खेळ करणाऱ्याची सोय राहू नये. ग्राहक नंबर फिरवी. पलीकडच्याने फोन उचलला की एक्सचेंज तारेवर मीटरचे पल्स पाठवू लागे. हे पल्स १२ किंवा १६ किलोहर्ट्झ इतक्या वारंवारतेचे असत, म्हणजे बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी वर, आणि फोनमधली गाळणी ते बोलणाऱ्याच्या कानापर्यंत येऊ देत नसे. प्रत्येक पल्समागे फोन कार्डातले एक युनिट खर्ची घाली. अंतर जितके जास्त, तितके पल्स जवळजवळ येत. किती अंतराला किती दर, रात्रीची सवलत किती, सुट्टीचा दिवस आहे की नाही, यांपैकी फोनला काहीही ठाऊक असण्याची गरज नव्हती. ती सगळी अक्कल एक्सचेंजमध्ये होती.

नाशिकमध्ये ज्यांनी एसटीडी बूथ वापरले आहेत, त्यांना हे पल्स परिचित आहेत, जरी त्यांनी कार्ड कधी पाहिले नसले तरी. बूथमधल्या काचेच्या खोलीत आपण बोलत असू आणि समोरच्या मीटरवरचे लाल आकडे वाढताना दिसत. तिथेही एक्सचेंजच्याच संकेतांवर आकडा सरके. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, आसपासच्या बूथांवर रांगा लागत, कारण तेवढ्याच पैशांत पल्स दूर दूर पडत. फरक एवढाच की आपल्याकडे तो आकडा पाहून पैसे घेणारा माणूस शेजारी बसलेला असे आणि युरोपातल्या त्या निर्मनुष्य फोनमध्ये ते काम कार्ड करीत होते.

युनिट खर्ची घातल्यावर फोन लगेच तोच बिट पुन्हा वाचून पाही. ही एक छोटी पायरी आहे, पण तिच्यावाचून सगळी इमारत कोसळली असती. पहिल्या पिढीच्या कार्डात बिट बदलायला सहाव्या संपर्कबिंदूवर २१ व्होल्ट लागत. तो बिंदू कोणी झाकून टाकला तर वाचन सुरळीत चालेल, पण लिहिणे होणारच नाही. केवळ लिहिण्याचा हुकूम देऊन फोन निर्धास्त राहिला असता, तर फुकट बोलणे सोपे होते. फोनने हुकुमावर विश्वास न ठेवता परिणाम तपासला, आणि बिट बदललेला दिसला नाही तर संभाषण तोडले. मी विद्यार्थ्यांना हा भाग दोनदा समजावतो, कारण मीटर, लिफ्ट, औषध सोडणारा पंप अशा कुठल्याही यंत्राला आज्ञा देताना ती पार पडली की नाही हे उलट तपासण्याची सवय अभियंत्याला लागली पाहिजे.

ईप्रॉमच्या दोन अडचणी होत्या. एक, २१ व्होल्ट तयार करण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये ठेवावी लागे. दोन, एका बिटाला एक युनिट या हिशेबाने शंभराहून थोडी जास्त युनिटे मावत, त्यापलीकडे नाही. दुसऱ्या पिढीची चिप जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने केली. तिचे एसएलई ४४०६ हे रूप पुष्कळ देशांत पसरले. ती ईईप्रॉम जातीची होती, म्हणजे तिच्यातला बिट विजेनेच लिहिता येतो आणि विजेनेच पुसताही येतो. लिहिण्यासाठी लागणारे वाढीव व्होल्टेज ती चिप स्वतःच ५ व्होल्टांपासून आतल्या आत तयार करी. तिची एकूण मेमरी १०४ बिट होती. ही किती कमी आहे हे समजण्यासाठी एक हिशेब देतो: ‘नाशिक’ हा शब्द आजच्या संगणकात यूटीएफ-८ पद्धतीने साठवायला १५ बाइट, म्हणजे १२० बिट लागतात. आपल्या गावाचे नावही ज्यात मावणार नाही, त्या जागेत कार्डाची पूर्ण ओळख आणि हजारो युनिटांचा हिशेब बसवला होता.

पण पुसता येणारी मेमरी म्हटल्यावर मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. खर्च झालेले युनिट परत येऊ द्यायचे नसेल, तर पुसण्याची सोय असलेली मेमरी वापरायचीच कशाला? याचे उत्तर चिपच्या आतल्या तर्करचनेत आहे आणि मला तो या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

१०४ पैकी ६४ बिट ओळखीसाठी होते आणि ४० बिट मोजणीसाठी. हे ४० बिट आठ-आठच्या पाच ओळींत मांडलेले होते, मणिचौकटीच्या (अबॅकसच्या) पाच तारांप्रमाणे, आणि त्या मोजणीयंत्राला तेच नाव होते. सर्वांत खालच्या ओळीतल्या प्रत्येक बिटाची किंमत १, तिच्यावरच्या ओळीत ८, मग ६४, मग ५१२ आणि सर्वांत वर ४०९६. समजा कार्डात १०० युनिटे आहेत. मग ६४ च्या ओळीत एक बिट, ८ च्या ओळीत चार बिट आणि १ च्या ओळीत चार बिट ‘१’ असतील: ६४ अधिक ३२ अधिक ४. संभाषण सुरू झाले, चार पल्स आले, खालच्या ओळीतले चारही बिट शून्य झाले. आता शिल्लक ९६ आहे, पण खालची ओळ रिकामी आहे आणि पाचवा पल्स येऊ घातला आहे. इथे चिप एक सवलत देते. ८ च्या ओळीतला एक बिट शून्य केला, तर त्याच्या मोबदल्यात खालची ओळ पुसून आठही बिट पुन्हा ‘१’ करता येतात. ६४ अधिक २४ अधिक ८, म्हणजे पुन्हा ९६. किंमत तीच राहिली, मोड मात्र मिळाली.

खालची ओळ भरण्याची परवानगी फक्त वरच्या ओळीतला बिट खर्ची पडल्यावरच मिळते, आणि हा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नाही, चिपच्या मांडणीतच कोरलेला आहे. वरचा बिट न देता खालची ओळ भरण्याचा मार्गच त्या परिपथात नाही. सर्वांत वरच्या ओळीला तर वरची ओळच नाही, म्हणून ती कधीही भरता येत नाही. अशा रीतीने पुसता येणाऱ्या मेमरीतून न वाढणारा आकडा तयार केला गेला. ईप्रॉममध्ये जे काम पदार्थाच्या गुणधर्माने होत होते, ते इथे तर्काने होऊ लागले.

या सुंदर रचनेत एक जागा मात्र अशी आहे, जी मला खटकते आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वरचा बिट शून्य करणे आणि खालची ओळ भरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्यामध्ये काही मिलिसेकंद जातात. नेमक्या त्या क्षणी कार्ड ओढले गेले किंवा वीज गेली, तर वरचा बिट गेला आणि खालची ओळ रिकामीच राहिली. ग्राहकाची आठ युनिटे, ६४ च्या ओळीत हे घडले तर चौसष्ट युनिटे, काही न बोलता बुडाली. क्रम उलटा ठेवला असता, म्हणजे आधी ओळ भरायची आणि मग वरचा बिट घालवायचा, तर मधेच कार्ड ओढणाऱ्याला फुकटची युनिटे मिळाली असती. रचनाकारांना निवड करावी लागली आणि त्यांनी बुडीत ग्राहकाच्या पदरात टाकली. कंपनीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण ज्या चुकीतून फुकट पैसे मिळतात ती चूक लोक मुद्दाम घडवून आणतात. तरीही ज्याचे पैसे आगाऊ घेतले आहेत त्याच्यावरच यंत्राच्या अडखळण्याचा भार टाकणे न्यायाचे नव्हते, असे माझे मत आहे. पुढच्या पिढीच्या चिपमध्ये यावर उपाय आला: वरचा बिट घालवताना एक जादा खुणेचा बिट नोंदवला जाई, आणि कार्ड पुन्हा घातल्यावर ती खूण पाहून फोन अर्धवट राहिलेली क्रिया पूर्ण करी.

त्याच पुढच्या पिढीने याहून मोठ्या प्रश्नालाही हात घातला. आतापर्यंतचे सगळे बंदोबस्त खऱ्या कार्डाला खरे ठेवण्यासाठी होते. पण फोन तरी खरे कार्ड कशावरून ओळखत होता? कार्डातले बिट कोणीही वाचू शकत होता, त्यात गुपित असे काही नव्हते. मग कोणी एखादा स्वस्त मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, कार्डाच्या आकाराच्या पट्टीवर बसवला आणि त्याला खऱ्या कार्डासारखे उत्तर द्यायला शिकवले, तर? त्या नकली कार्डाला न उलटणाऱ्या बिटाचे बंधन कुठले? फोनने बिट शून्य केला की तो निमूटपणे शून्य दाखवणार, आणि पुढच्या वेळी कार्ड घातले की पुन्हा पूर्ण शिल्लक दाखवणार. १९९० च्या दशकात युरोपात अशी नकली कार्डे प्रत्यक्षात निघाली.

उपाय असा केला गेला. प्रत्येक खऱ्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली ठेवली, जी बाहेरून वाचता येत नाही. फोन चिपला एक यादृच्छिक संख्या पाठवतो. चिप ती संख्या, आपली गुप्त किल्ली, आपली ओळख आणि मोजणीची सध्याची स्थिती यांचे ठरावीक मिश्रण करून छोटेसे उत्तर देते. फोनही तेच गणित स्वतः करतो आणि दोन उत्तरे जुळतात का ते पाहतो. संख्या प्रत्येक वेळी नवी असल्याने जुने उत्तर चोरून ठेवण्याचा उपयोग नाही. मोजणीची स्थिती उत्तरात मिसळलेली असल्याने शिल्लक वेगळी दाखवून उत्तर मात्र खऱ्या चिपकडून मिळवण्याची युक्तीही चालत नाही. लाखो कार्डांच्या लाखो किल्ल्या फोनमध्ये साठवणे शक्य नव्हते, म्हणून एक मूळ किल्ली आणि कार्डाचा क्रमांक यांच्यापासून त्या कार्डाची किल्ली गणिताने काढली जाई. ती मूळ किल्ली फोनमधल्या एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये कोंडलेली असे. सगळ्या व्यवस्थेचा जीव त्या चिपमध्ये होता, आणि फोन रस्त्यावर उभा असल्यामुळे ती उघडून वाचता येणार नाही याची काळजी कार्डाच्या चिपपेक्षाही जास्त घ्यावी लागे.

आपल्याकडे हा प्रवास मोठ्या प्रमाणावर घडला नाही, याचे कारण मला आपल्या बूथांमध्येच दिसते. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना १९८४ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक गावोगावी लागले. ते बूथ चालवणाऱ्यांत कित्येक अपंग व्यक्ती होत्या, कित्येक घरांची चूल त्यावर पेटत होती. पेटी फोडून नाणी नेण्याचा प्रश्न नव्हता, कारण पैसे घेणारा माणूस होता. आणि माणूस असल्यामुळे कार्डाची गरज नव्हती. मला या गोष्टीचे वाईट वाटत नाही. त्या काळी आपल्याला यंत्रापेक्षा तो रोजगार जास्त हवा होता.

पुढे आपल्याकडे जी प्रीपेड फोन कार्डे रुजली ती वरचा थर खरवडून आकडा वाचण्याची. दिसायला ती याच कुळातली वाटतात, पण रचनेने अगदी निराळी आहेत. त्यांत पैसा कार्डात नसतो. कार्ड म्हणजे फक्त एक गुप्त क्रमांक छापलेला कागद, आणि शिल्लक दूरच्या संगणकात. तो क्रमांक एखाद्याने पाठ केला आणि कार्ड फाडून टाकले तरी काही बिघडत नाही. सिमकार्डाचे संपर्कबिंदू थेट टेलिफोन कार्डाच्याच वंशातले आहेत आणि त्यात तर प्रोसेसरही आहे, तरी प्रीपेड मोबाइलची शिल्लक सिममध्ये नसून कंपनीच्या संगणकात असते. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगचेही तसेच: तो फक्त आपली ओळख सांगतो, पैसे खात्यातून जातात.

खऱ्या अर्थाने या कार्डाचा वारसा मला दिसतो तो मेट्रोच्या एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) या कार्डात. पुण्याला जाणाऱ्या नाशिककरांनी ते वापरले असेल. मोबाइलवरून त्यात पैसे भरले, तरी स्थानकातल्या यंत्राला कार्ड लावून शिल्लक ‘अपडेट’ करावी लागते, आणि हा खटाटोप कशासाठी असे लोक वैतागून विचारतात. कारण असे की प्रवासाची शिल्लक त्या कार्डाच्या चिपमध्येच असते. गर्दीच्या वेळी फाटक क्षणार्धात उघडायला हवे, नेटवर्क असो वा नसो, म्हणून फाटक बँकेला न विचारता कार्डालाच विचारते. त्या चिपमध्ये प्रोसेसर आहे, भक्कम गुप्तलेखन आहे, पण तिच्यापुढचा प्रश्न तोच आहे: हिशेब ग्राहकाच्या खिशात ठेवून तो खरा कसा राखायचा, आणि व्यवहार अर्धवट तुटला तर कोणाचे नुकसान होऊ द्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपया या डिजिटल चलनाचा वापर इंटरनेटशिवाय कसा व्हावा याविषयी जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीही हेच दोन प्रश्न आहेत. ज्यांना त्या चर्चेत खोलात जायचे आहे, त्यांनी आधी या १०४ बिटांचा अभ्यास करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण इथे सगळे काही उघड्या डोळ्यांनी दिसते.

दुसऱ्या पिढीचे असे एखादे जुने कार्ड कोणाकडे असेल, तर ते घरच्या घरी वाचता येते. भंगारात निघालेल्या डीटीएच सेट-टॉप बॉक्समध्ये कार्डाचा स्लॉट असतो, त्याचे संपर्कबिंदू याच मानकाचे आहेत. तो काढून वीज, ग्राउंड, रिसेट, क्लॉक आणि माहितीची तार अशा पाच तारा आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडाव्यात. वाचण्यापुरते ५ व्होल्ट पुरतात. सहाव्या बिंदूला काहीही जोडू नये. संपर्कबिंदू काळवंडले असतील तर मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत. रिसेट देऊन एकेक स्पंद पाठवला की बिट ओळीने बाहेर येतात. संपलेल्या कार्डाची मोजणी शून्य दिसते, ओळखीचा भाग मात्र जसाच्या तसा वाचता येतो. अशा चिपमध्ये माहिती टिकण्याची हमी साधारण १० वर्षांची दिली जाई. मामांची कार्डे त्याहून कितीतरी जुनी आहेत आणि बहुतेक अजून व्यवस्थित वाचली जातात.

वाचनाचा प्रयोग झाल्यावर मी विद्यार्थ्यांना त्या पाच ओळींच्या मोजणीयंत्राची संगणकावर प्रतिकृती करायला देतो. पुढच्या सत्रापासून त्यात एक अट वाढवणार आहे: कार्ड कोणत्याही दोन क्रियांच्या मध्ये ओढले जाऊ शकते असे धरायचे, आणि तरीही ग्राहकाचे एकही युनिट बुडता कामा नये व कंपनीला एकही युनिट फुकट द्यावे लागता कामा नये. त्यासाठी खुणेचा जादा बिट केव्हा लिहायचा आणि केव्हा पुसायचा, हा क्रम त्यांनी स्वतः शोधून काढायचा आहे.